नायट्रस ऑक्साइड प्रणाली (मोटारगाडी)

नायट्रस ऑक्साइड प्रणाली ही अंतर्ज्वलन इंजिनाची शक्ती काही सेकंदांपुरती वाढवणारी जोडयंत्रणा आहे. बोलीभाषेत तिला ‘नायट्रस’ किंवा ‘नॉस’ असे म्हणतात. दाबाखाली द्रवरूपात साठवलेला नायट्रस ऑक्साइड इंजिनाच्या हवामार्गात सोडला असता सिलिंडरमध्ये अधिक ऑक्सिजन उपलब्ध होतो आणि त्या प्रमाणात अधिक इंधन जाळता येते. ही यंत्रणा शर्यतींच्या मोटारींसाठी विकसित झाली. तथापि इंजिन न उघडता ती बसवता येत असल्यामुळे कारखान्यातून आलेल्या स्थितीतील, म्हणजेच ‘स्टॉक’, मोटारींनाही ती जोडण्याचा विचार अनेक हौशी वाहनधारक करतात. अशा मोटारीला नायट्रस जोडावा की नाही, हे ठरवताना इंजिनाची सहनशक्ती, इंधनाची प्रत, हवामान, कायदा आणि विमा अशा पाच अंगांचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात ही अंगे भारतातील, विशेषतः रायगड जिल्ह्यातील रोहा व पेण परिसरातील परिस्थितीच्या संदर्भात मांडली आहेत.

वायूचे गुणधर्म

नायट्रस ऑक्साइडच्या रेणूत नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हा वायू रंगहीन असून त्याला किंचित गोडसर वास असतो. सामान्य वातावरणीय दाबाला तो उणे ८८.५ अंश सेल्सिअसला उकळतो. वजनाच्या मापाने त्यात सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो. हवेत हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. तो स्वतः जळत नाही, परंतु ज्वलनास जोरदार साहाय्य करतो. त्यामुळे त्याला इंधन म्हणणे चुकीचे असून तो ऑक्सिडीकारक आहे. तेल किंवा ग्रीस लागलेल्या जोडण्यांशी उच्च दाबाखालील नायट्रसचा संपर्क येणे याच कारणाने धोक्याचे मानले जाते.

औद्योगिक पद्धतीत अमोनियम नायट्रेट नियंत्रित उष्णतेने तापवून हा वायू मिळवतात. वैद्यकात तो भूल देण्यासाठी वापरला जातो. मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या वायूत अनेक देशांत अल्प प्रमाणात सल्फर डायऑक्साइड मिसळतात, जेणेकरून त्याच्या उग्र वासामुळे कोणी तो नशेसाठी हुंगू नये. नायट्रस ऑक्साइड हा प्रभावी हरितगृह वायूही आहे. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापवृद्धी परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट धरला जातो.

इतिहास

जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू प्रथम वेगळा केला. हम्फ्री डेव्ही यांनी १७९९ च्या सुमारास त्याचे शरीरावरील परिणाम अभ्यासले आणि त्याला ‘हास्यवायू’ हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ या नावाची प्रणाली लढाऊ विमानांत वापरली. फार उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाला ऑक्सिजन कमी पडतो. ती उणीव भरून काढणे हा या प्रणालीचा हेतू होता.

युद्धानंतर हे तंत्र शर्यतींच्या क्षेत्रात आले. १९७६ मध्ये अमेरिकेतील डेटोना ५०० या शर्यतीच्या पात्रता फेरीत नायट्रसच्या चोरट्या वापरावरून आघाडीच्या चालकांच्या वेळा रद्द करण्यात आल्या. १९७८ मध्ये अमेरिकेत ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नॉस’ हा शब्द रूढ झाला. भारतीय तरुणांना या तंत्राची ओळख प्रामुख्याने २००१ मधील ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा चित्रपट आणि २००३ मधील ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’ हा संगणकीय खेळ यांतून झाली. या दोहोंत दिसणारी निळी ज्वाला आणि क्षणार्धात वाढणारा वेग यांचा प्रत्यक्ष यंत्राशी फारसा संबंध नाही.

कार्यतत्त्व

इंजिनाची शक्ती ते किती इंधन जाळते यावर अवलंबून असते, आणि किती इंधन जळेल हे मिळणाऱ्या ऑक्सिजनवर ठरते. नुसते पेट्रोल वाढवल्यास ते अर्धवट जळून धूर होतो. नायट्रस सिलिंडरमध्ये शिरल्यावर उच्च तापमानाला त्याचे नायट्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन होते आणि जादा पेट्रोल जाळण्यास लागणारा ऑक्सिजन मिळतो. या विघटनातही उष्णता बाहेर पडते. शिवाय द्रवरूप नायट्रसचे वायूत रूपांतर होताना आत येणारी हवा थंड होऊन दाट होते. असा तिहेरी लाभ होतो.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. केवळ नायट्रस वापरल्यास सुमारे ९.६ भाग पुरतात. याचा अर्थ असा की नायट्रस सोडताना त्याच्या हिशेबाने जादा पेट्रोल देणे अनिवार्य आहे. पेट्रोल कमी पडल्यास मिश्रण ‘लीन’, म्हणजे इंधनाला विरळ, होते, ज्वलनाचे तापमान बेसुमार वाढते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. या कारणाने प्रत्यक्षात मिश्रण मुद्दाम इंधनाने थोडे समृद्ध ठेवतात.

घटक व प्रकार

प्रणालीत नायट्रसची बाटली, उच्च दाबाची नळी, विद्युतचुंबकीय झडप म्हणजे सोलेनॉइड, ठरावीक छिद्राची जेट आणि फवारणी करणारा नोझल हे मुख्य भाग असतात. किती शक्ती वाढेल हे जेटच्या छिद्रावर ठरते. तिचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

‘ड्राय’ प्रकारात फक्त नायट्रस फवारला जातो आणि जादा पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरांतून यावे लागते. ‘वेट’ प्रकारात नायट्रस व पेट्रोल एकाच नोझलमधून एकत्र फवारले जातात. ‘डायरेक्ट पोर्ट’ प्रकारात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र नोझल असतो. तो सर्वांत अचूक, परंतु सर्वांत खर्चिक आहे. मूळ इंजिनासाठी सहसा वेट प्रकार सुचवला जातो. मात्र आजच्या बहुतेक मोटारींचे इनटेक मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचे असून ते केवळ हवा वाहून नेण्यासाठी घडवलेले असते. कमी फेऱ्यांवर त्यात पेट्रोलचे थेंब साचल्यास आणि इंजिनाने उलट भडका घेतल्यास ते फुटण्याचा धोका असतो.

मूळ इंजिनाच्या मर्यादा

नायट्रसचा प्रवाह दर सेकंदाला ठरावीक असतो. इंजिनाच्या फेऱ्यांनुसार तो बदलत नाही. यातूनच सर्वांत मोठा धोका उद्भवतो. उदाहरणार्थ, सुमारे ८० अश्वशक्ती व ११० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या १.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनाला २५ अश्वशक्तीची जोड दिली असे समजू. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर या जोडीतून सुमारे ४४ न्यूटन-मीटर जादा टॉर्क मिळतो. तीच जोड २,००० फेऱ्यांवर सुरू केल्यास जादा टॉर्क सुमारे ८८ न्यूटन-मीटर होतो, म्हणजे मूळ टॉर्कच्या चार पंचमांश भार एकदम वाढतो. कनेक्टिंग रॉड वाकणे, हेड गॅस्केट उडणे व क्लच घसरणे हे प्रकार बहुधा येथेच घडतात. म्हणून एक्सलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि साधारणतः ३,००० फेऱ्यांच्या वरच प्रणाली चालू होईल असे स्विच बसवणे आवश्यक मानले जाते. वरच्या टोकालाही मर्यादा हवी. इंजिनाचा फेरे-नियंत्रक इंधन तोडतो, पण नायट्रस तोडत नाही. अशा क्षणी मिश्रण एकदम लीन होते.

दुसरा धोका ‘नॉकिंग’चा आहे. मिश्रण ज्वालेने क्रमाक्रमाने जळण्याऐवजी त्याचा उरलेला भाग आपोआप पेटला म्हणजे सिलिंडरमध्ये धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. नायट्रसमुळे ज्वलन जलद होते आणि कमाल दाब लवकर येतो. म्हणून ठिणगीची वेळ काही अंशांनी मागे घ्यावी लागते आणि अधिक थंड श्रेणीचे स्पार्क प्लग घालावे लागतात. सामान्य मोटारींचे पिस्टन ओतीव ॲल्युमिनिअमचे असतात. शर्यतीसाठीचे घडीव पिस्टन जो आघात सोसतात, तो या पिस्टनना सोसत नाही. त्यांच्या रिंगांमधील पातळ कडा प्रथम तुटतात. रिंगांच्या टोकांमधील फटही मूळ उष्णतेच्या हिशेबाने ठेवलेली असते. उष्णता वाढून टोके एकमेकांना भिडली तर रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते.

परदेशी पुस्तिकांतील ठोकताळे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांतील बहुतेक अमेरिकी आठ सिलिंडरी इंजिनांवर आधारलेले आहेत. ५.७ लिटरच्या अशा इंजिनात एका सिलिंडरची घनक्षमता सुमारे ७१२ घनसेंटिमीटर असते, तर १.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात ती सुमारे ३०० घनसेंटिमीटर असते. आठ सिलिंडरांत वाटलेली ५० अश्वशक्ती आणि चार सिलिंडरांत वाटलेली २५ अश्वशक्ती दर सिलिंडरी सारखीच भरते. पण लहान सिलिंडरवर तिचा भार दुपटीहून अधिक पडतो. पुस्तिकेत ‘सौम्य’ म्हटलेली मात्रा येथील लहान मोटारीला म्हणूनच सौम्य नसते.

इंधनाची प्रत

नॉकिंग टाळण्यासाठी पेट्रोलचा ऑक्टेन अंक उच्च असावा लागतो. भारत स्टेज-६ मानकांनुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ आणि उच्च प्रतीच्या पेट्रोलचा ९५ असतो. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले, परंतु ते निवडक शहरांतील निवडक पंपांवर मिळते. इथेनॉलची नॉकिंगविरोधी क्षमता चांगली असल्याने २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल या बाबतीत काहीसे उपकारक ठरते. मात्र इथेनॉलमध्ये दर लिटरमागे ऊर्जा कमी असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी अधिक इंधन पुरवावे लागते. मूळ पंप व इंजेक्टर कमाल क्षमतेच्या जवळ चालत असतील तर ऐन वेळी पुरवठा अपुरा पडतो.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीत हा विचार मुळातच बाद ठरतो. डिकीत एकीकडे उच्च दाबाचे इंधन आणि दुसरीकडे उच्च दाबाचा ऑक्सिडीकारक शेजारी ठेवणे हे अपघाताला निमंत्रण आहे.

हवामान व बाटलीतील दाब

नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस आहे. या तापमानाच्या वर तो द्रवरूपात राहू शकत नाही. २० अंशाला बाटलीतील दाब सुमारे ५० बार, ३० अंशाला सुमारे ६३ बार आणि क्रांतिक तापमानाला सुमारे ७२ बार असतो. त्यापुढे भरलेल्या बाटलीतील दाब फार वेगाने चढतो. थंड देशांतील वापरकर्ते बाटली तापवण्यासाठी विजेचे वेष्टण बसवतात. कोकणातील प्रश्न नेमका याच्या उलट आहे.

रायगड जिल्ह्यातील भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. त्यामुळे मार्च ते मे या काळात, आणि ऑक्टोबरच्या उन्हातही, रोहा, कोलाड किंवा पेण येथे उघड्यावर ठेवलेल्या मोटारीतील बाटली क्रांतिक तापमानापलीकडे जाणे सहज शक्य आहे. याचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम सुरक्षिततेचा आहे. दाब मर्यादेपलीकडे गेल्यास बाटलीची सुरक्षा-चकती फुटून सर्व वायू बाहेर पडतो. तो मोटारीबाहेर नेणारी नळी नसेल तर बंद मोटारीत बसलेल्यांना गुदमरण्याचा व हिमदाहाचा धोका असतो. दुसरा परिणाम इंजिनावर होतो. जेटची निवड ठरावीक दाब गृहीत धरून केलेली असते. दाब वाढला की नायट्रस अधिक येतो, पण पेट्रोल पूर्वीइतकेच राहते. मिश्रण लीन होते आणि सकाळी व्यवस्थित चाललेली मांडणी दुपारी पिस्टन जाळते.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांपेक्षा भिन्न होतील असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. सीएनजी, एलपीजी, वीज अशा वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जास्रोतावर वाहन चालवण्यासाठी विहित अटींनुसार संच बसवण्याची मुभा कलमात आहे. नायट्रस हे इंधनच नसल्याने तो या सवलतीत बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ च्या पोटकलम ४ नुसार, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. रोहा व पेण तालुक्यांतील वाहने ‘एमएच ०६’ या क्रमांकमालिकेत पेण येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे नोंदली जातात.

वायूच्या बाटलीला वेगळा कायदा लागू होतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये दाबाखालील वायूंच्या बाटल्या मान्यताप्राप्त असाव्या लागतात आणि त्या भरण्यासाठी परवाना लागतो. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. वैद्यकीय वापराच्या निळ्या बाटलीतून नायट्रस दुसऱ्या बाटलीत ओतून घेणे हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अत्यंत धोकादायक आहे.

विमा

भारतातील मोटार विम्याच्या प्रचलित करारात संघटित शर्यत व वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. वाहनात केलेला बदल विमा कंपनीस कळवणे अपेक्षित असते. न कळवलेल्या बदलामुळे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो. त्रयस्थ व्यक्तीच्या इजेची भरपाई कंपनीने दिली, तरी कराराच्या शर्तींचा भंग सिद्ध झाल्यास ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल होण्याची शक्यता राहते. एका अपघातात कुटुंबाची सारी बचत संपवू शकेल असा हा धोका आहे. संचाच्या किमतीत तो कोठेही दिसत नाही. उत्पादकाची हमीही अशा फेरफारानंतर बहुधा टिकत नाही.

रस्त्यावरील प्रत्यक्ष लाभ

नायट्रसमुळे ओव्हरटेक सोपे होते, असा युक्तिवाद केला जातो. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटरवरून १०० किलोमीटरवर नेण्यास सुमारे २४७ किलोजूल ऊर्जा लागते. चाकांपर्यंत सरासरी ४० किलोवॉट शक्ती पोहोचते असे धरल्यास, हवेचा विरोध वगळून, याला सुमारे ६ सेकंद लागतात. २५ अश्वशक्तीच्या जोडीने हा काळ साडेचार सेकंदांच्या आसपास येतो. म्हणजे पदरात पडतात ते दीड-पावणेदोन सेकंद. मुंबई-गोवा महामार्गावरील सुकेळी खिंडीत किंवा धाटाव औद्योगिक क्षेत्राकडे ये-जा करणाऱ्या टँकरांच्या गर्दीत मोटार मागे पडते ती इंजिन दुबळे असल्यामुळे नव्हे, तर समोरचा रस्ता मोकळा दिसत नसल्यामुळे. याउलट, ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग असेल तर ते दीडपटीहून अधिक होते, आणि ब्रेक मात्र मूळचेच असतात.

निर्णयाचे निकष

निर्णयाचा पहिला प्रश्न वापराचा आहे. मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालवायची असेल, तर तांत्रिक चर्चेपर्यंत पोहोचण्याआधीच कायदा व विमा यांमुळे उत्तर नकारार्थी येते. केवळ बंदिस्त धावपट्टीवर, आयोजकांच्या नियमांत राहून वापर करायचा असेल, तरच पुढील प्रश्नांना अर्थ राहतो :

१. इंजिन निरोगी आहे काय? सर्व सिलिंडरांचा संपीडन-दाब तपासावा. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास प्रथम दुरुस्ती करावी. तेल खाणाऱ्या इंजिनात तेलामुळेही नॉकिंग वाढते.
२. इंधनपुरवठा पुरेसा आहे काय? पंपाचा दाब पूर्ण भाराखाली मोजलेला असावा.
३. हवा-इंधन गुणोत्तर मोजण्याचे साधन बसवले आहे काय? केवळ कानाने अंदाज घेणारा कुशल मिस्त्रीही लीन मिश्रण वेळेत ओळखू शकत नाही.
४. फेऱ्यांची खालची व वरची मर्यादा, पूर्ण एक्सलरेटर आणि इंधनदाब यांवर चालणारे सुरक्षा-स्विच आहेत काय?
५. बाटलीला दाबमापक व मोटारीबाहेर जाणारी सुटका-नळी आहे काय?
६. इंजिन निकामी झाल्यास ते बदलण्याचा खर्च सोसण्याची तयारी आहे काय?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असल्यास प्रणाली न बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

पर्याय

स्टॉक मोटारीत जाणवणारा संथपणा पुष्कळदा देखभालीच्या उणिवेतून आलेला असतो. तुंबलेले एअर फिल्टर, जुने स्पार्क प्लग, मळलेले इंजेक्टर, घसरणारा क्लच आणि कमी हवेचे टायर यांकडे लक्ष दिल्यास मूळची शक्ती परत मिळते. चांगले टायर व ब्रेक यांवर केलेला खर्च दर किलोमीटरला उपयोगी पडतो; नायट्रसची बाटली काही मिनिटांच्या एकूण वापरात रिकामी होते. अधिक शक्ती खरोखरच हवी असेल, तर कारखान्यातूनच टर्बोचार्जरसह येणारी मोटार निवडणे हा कायदेशीर व टिकाऊ पर्याय आहे. वेगाची हौस भागवण्यासाठी भारतीय मोटारस्पोर्ट क्लब महासंघाच्या नियमांखाली होणाऱ्या स्पर्धा उपलब्ध आहेत. पुणे जिल्ह्यातील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. अशा ठिकाणी हेल्मेट, अग्निशमन व रुग्णवाहिका यांची व्यवस्था असते आणि समोरून कोणी येत नसते.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
टर्बोचार्जर
ऑक्टेन अंक
नायट्रस ऑक्साइड
मोटार वाहन अधिनियम, १९८८